कानांना दोन, डोळ्यांना एक

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि थापा मारणं तिच्या रक्तात नाही.

मावशी फिजिओथेरपिस्ट. पक्षाघात झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवते. दवाखान्याच्या तळमजल्यावर तिचा हॉल. मधोमध धरून चालायच्या दोन दांड्या. दांड्या संपतात तिथे फोमची जाड मॅट.

वेळ भर दुपारची. अडीच.

तिचे जुने पेशंट, मास्तर, त्याच सोमवारी वारले होते. दोन महिने रोज आले, पण उजवा पाय काही उचलेना. टक... फर्रर्र. आवाजावरूनच मावशी त्यांना ओळखायची.

त्या दुपारी शिवणकाम करणाऱ्या एक काकू दांड्या धरून चालत होत्या. मावशी मॅटच्या कडेला उभी. नजर पावलांवर, कान पावलांवर.

टक. टक.

आणि काकूंच्या मागून...

टक... फर्रर्र.

मावशीने निरखून पाहिलं. काकूंचे दोन्ही पाय स्वच्छ उचलले जात होते. डोळे सांगत होते, एकच माणूस चालतंय.

कान सांगत होते, दोन.

"ताई, माझ्या मागे कोण आहे?" काकू जागीच थांबल्या. "मला नाही चालायचं. खुर्ची द्या!"

भीतीने बसलेला पेशंट पुन्हा लवकर उठत नाही, हे मावशीला पक्कं ठाऊक.

"खुर्ची इकडे आहे. चालत या." मग काकूंच्या मागच्या रिकाम्या जागेवर ती कडाडली, "आणि मास्तर, तुम्ही! माझ्या पेशंटला घाबरवायला आलात? चालायचं असेल तर पाय उचला. तुम्ही जिवंत होतात तेव्हाही मी फरफट चालवून घेतली नाही, आता तर मुळीच नाही!"

काकूंनी पाऊल पुढे टाकलं.

मग मागून... टक. टक.

काकू रडत रडत, पण स्वतःच्या पायांनी खुर्चीपर्यंत पोचल्या.

आवाज थांबला.

आणि मॅटवर एक खळगा पडला. टाच... मग चवडा.

त्याच्या पुढे दुसरा. आवाज अजिबात नाही. थेट मावशीच्या दिशेने.

"ताई, बाजूला व्हा!" काकू खुर्चीतून ओरडल्या.

"का म्हणून? हॉल माझा आहे."

मावशी तसूभरही हलली नाही. शेवटचा खळगा तिच्या पायाच्या बोटांना लागून उमटला. मग एकेक करून सगळे भरून आले.

मावशी आजही त्याच हॉलमध्ये, अडीचलाच पेशंट घेते. "कुणाच्या बापाला भिते का मी?" म्हणते.

फक्त रोज सकाळी आधी ती मॅट बघते.

परत जाणारं पाऊल त्यावर अजून उमटलेलं नाही...