बाबूसाठी ठेवलेली जागा

त्या दिवशी मी खरं तर दळण घेऊन गिरणीत निघालो होतो. फाटकातच गणपतने बुलेट आडवी घातली.

"दळप ठेव थंय. बाबूक आणूक इन्सुलीक जावचा आसा."

बाबू म्हणजे धामापूरच्या रुक्मिणीबाईंचा एकुलता एक मुलगा. बर्फातल्या चौकीवर ड्युटीवर असताना गेला. आमच्या भागातला जवान असा परत आला की हायवेवरच्या इन्सुलीपासून घरापर्यंत त्याच्यापुढे मोटरसायकली चालवायच्या, हे आम्हा काही रिकामटेकड्यांचं व्रत. निवृत्त कंडक्टर गणपत, निवृत्त मास्तर, आणि मी, तहसील कचेरीतला निवृत्त कारकून. बंदूक कुणी धरलेली नाही. म्हणूनच बहुधा छाती जास्त फुगते.

रीत साधी आहे. पहिल्या मोटरसायकलची मागची सीट जवानासाठी रिकामी. जाताना मागच्या फुटरेस्ट मिटलेल्या ठेवायच्या, नाहीतर वाटेत भलतंच कुणी बसतं. जवान ताब्यात मिळाला की त्या उघडायच्या. दारात आईने "उतर" म्हणायचं, मगच गाडी बंद करायची. शरीर शववाहिकेतून येतं. जवान आमच्याबरोबर येतो.

ही रीत घातली ह्युबर्टने. तो सैन्यातला खराखुरा हवालदार, त्यामुळे पुढचा मान कायम त्याचा. गणपत वर्षानुवर्षं त्याच्या पाठीकडे बघत गाडी चालवायचा. मी गणपतच्या पाठीकडे बघायचो. हेव्यालाही ज्येष्ठताक्रम असतो. गेल्या वर्षी ह्युबर्ट काविळीने घरच्या खाटेवर गेला. त्याच्यासाठी मोटरसायकली काढायच्या का, असा प्रश्न आला, तेव्हा गणपतने त्याचाच नियम त्याला लावला. ड्युटीवर मेलेल्यालाच मान. ह्युबर्ट एका टेम्पोतून गेला.

वाटेत इगर्जीमागच्या, म्हणजे चर्चमागच्या, दफनभूमीपाशी गणपतने गाडी थांबवली. टाचेने मागच्या फुटरेस्ट खाली पाडल्या, खट्, खट्.

"काय रे ह्युबर्ट! बघ आज फुडे कोण आसा ता. येतंस मागे बसाक?"

"गणपत, गप रव. मेल्लो माणूस तो," मी म्हटलं.

"म्हणान काय झाला? जित्तेपणी माका कधी फुडे जावक दिल्यान?"

त्याने गियर टाकला. मी माझ्या गाडीवर मागेच होतो, म्हणून मला दिसलं. बुलेटची मागची स्प्रिंग हळूच दबली, जाडजूड माणूस बसल्यावर दबते तशी. आणि दबलेलीच राहिली. भर वैशाखात, काजूच्या बोंडांच्या आंबूस वासातून, नुकत्या उकरलेल्या ओल्या मातीचा वास आला.

 रस्त्यात खड्डे असतात, स्प्रिंगा दबतात. कचेरीत यापेक्षा तकलादू कारणांवर फाइली बंद केल्या आहेत.

इन्सुलीला बाकीचे आले. बाबूची गाडी आली. फुलं झाली, सलामी झाली. गणपत फुटरेस्ट उघडायला वाकला आणि तसाच सरळ झाला. त्या उघड्याच होत्या. त्याचा रुबाब बघून बाकीच्यांनाही राहवेना. याला मान, मग आम्ही काय घोडं मारलंय? एकेकाने आपापल्या फुटरेस्ट उघडल्या. माझ्या गंजून मिटलेल्याच घट्ट बसलेल्या, उघडेनात. मी शेवटी राहिलो.

तिन्हीसांजेला धामापूर आलं. तळ्याकडून गार वारा सुटला होता. पुढे कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. सगळ्या गाड्या जड चालत होत्या, चढावर तर रडत होत्या.

रुक्मिणीबाई दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. गणपत समोर जाऊन थांबला.

"उतर रे बाबू... घर इला."

स्प्रिंग हलली नाही.

"उतर रे, पुता..."

त्यांनी गणपतच्या खांद्यावरून मागे पाहिलं. बराच वेळ.

"ह्यो माझो न्हय. ह्यो म्हातारो."

 मान न वळवता गणपत कुजबुजला, "ह्युबर्ट... उतर रे. पाया पडतंय तुझ्या. त्या पोराची जागा ती..."

मागे कुणी हसल्यासारखं वाटलं. इंजिन असेल.

रुक्मिणीबाई गणपतच्या मागच्या गाडीकडे गेल्या. तिच्या मागच्या सीटकडे पाहिलं. "ह्यो न्हय." मग त्यामागच्या. "ह्यो पण न्हय..." तांब्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्या पावलांवर सांडत होतं. शववाहिकेकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. "न्हय... न्हय..." करत त्या रांगेच्या शेवटी आल्या. माझ्यापर्यंत.

मी फुटरेस्ट चाचपल्या. मिटलेल्याच होत्या. खरं सांगतो, तेव्हा मनात आलं, की पोरगा माझ्याच मागे असू दे. एकदा तरी माझ्या मागे.

त्यांनी माझ्या मागे पाहिलं आणि चटकन डोक्यावरून पदर घेतला. एक पाऊल मागे सरल्या, सासऱ्यापुढे सुना सरतात तशा. खाली मान घालून त्यांनी विचारलं, "माझो झील, बाबू, खंय आसा?"

मला काही ऐकू आलं नाही. त्यांना आलं असावं. त्या मान हलवत राहिल्या, एकदा "होय" म्हणाल्या.

मग माझ्याकडे वळल्या.

"बाबूक बसाक जागा मिळाक नाय. इन्सुलीक उभो आसा तो, हायवेर."

मी गाडी बंद करायला किल्लीकडे हात नेला.

"नको, काका," त्या हळू म्हणाल्या. "तुमच्या मागे बसलेले हे उतरूचे नाय म्हणतत."