शाळेजवळचा हापसा

पाणी तपासायचं काम बाहेरून वाटतं तितकं हुशारीचं नाही. त्यात मुख्य म्हणजे थांबावं लागतं. गावोगावचे जलसुरक्षक बाटल्या घेऊन येतात. बाटलीवरच्या चिठ्ठीत गावाचं नाव आणि पाणी कुठून घेतलं ते लिहिलेलं असतं. त्यातलं थोडं पाणी आम्ही औषध घातलेल्या लहान बाटलीत ओततो, ती उबेच्या पेटीत ठेवतो आणि अठ्ठेचाळीस तास वाट बघतो. पाणी काळं पडलं तर अयोग्य, नाही पडलं तर योग्य. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात यातला एक शब्द लिहायचा आणि पानाखाली सही करायची.

मी लुंबिनी, मूळची उमरीची. फेब्रुवारीत बदली होऊन मी पुन्हा त्याच प्रयोगशाळेत आले, जिथे माझी नोकरी सुरू झाली होती. मधली आठ वर्षं लातूरला गेली. टेबल तेच होतं, खिडकीबाहेरचा कडुलिंब तोच होता. उबेची पेटी तेवढी नवीन आली होती.

मांजरतळ हे बिलोलीच्या बाजूचं, मांजरा नदीपासून जवळ असलेलं लहानसं गाव. मार्चमध्ये तिथून आठ बाटल्या आल्या. सात ठीक निघाल्या. आठवी सकाळपर्यंत काळी झाली होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘शाळेजवळचा हापसा’. मी अयोग्य असा अहवाल पाठवला आणि विसरून गेले.

एप्रिलमध्ये पुन्हा आठ बाटल्या. या वेळी हापशाचं पाणी सकाळी ठेवलं ते दुपारच्या डब्यापर्यंत काळं झालं. इतक्या लवकर होत नाही. मी पेटीचं तापमान पाहिलं, ते बरोबर होतं. पुन्हा अहवाल पाठवला. गावाकडून उत्तर आलं नाही.

मे महिन्यात ते पाणी मी औषधाच्या बाटलीत ओतत असतानाच काळं पडलं. माझ्या हातात. शाईचा थेंब पसरावा तसं तळापासून वर. वास गटाराचा नव्हता. ओली पाटी पुसल्यावर येतो तसा होता.

मांजरतळचे जलसुरक्षक व्यंकट अजून बाहेर पोचपावतीसाठी बसलेले होते. पन्नाशीचा शांत माणूस. मी त्यांना आत बोलावलं.

“व्यंकटराव, तीन महिने झाले. तो हापसा बंद का नाही केला?”

“कोणता हापसा, मॅडम?”

“शाळेजवळचा. तुम्हीच तर आणता पाणी.”

त्यांनी टेबलावरच्या बाटल्या पाहिल्या. मग एकेक बाजूला सरकवत मोजल्या.

“मी सात आणतो. गावात सातच जागा हायत पाण्याच्या.” आठवी बाटली त्यांनी हातात घेतली नाही. वाकून चिठ्ठी वाचली. “ही माझी न्हाई.”

“मग चिठ्ठी कोणी लिहिली? तुमच्या घरातल्या लेकरानं?”

अक्षर मोठं आणि गोल होतं. आधी सरळ रेघ ओढून खाली एकेक अक्षर टांगल्यासारखं.

“माझ्या घरी ल्हान कुणी न्हाई,” व्यंकट म्हणाले. पावती न घेताच ते उठले.

मी मांजरतळच्या ग्रामपंचायतीत फोन लावला. पाणीपुरवठ्याचं काम बघणारे अमृतराव आधी हसले. “मॅडम, तुमचे कागद बघून आम्हीच चक्रावून राहिलो. तो हापसा सोळा सालीच उपटला की. गॅस्ट्रो झाला न्हाई का तवा. चार माणसं गेली.”

सोळा साल.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तोच हा उन्हाळा. मी नोकरीला लागून सातच महिने झाले होते. मे महिन्यात आमच्याकडचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि चार दिवस लाइट नव्हती. उबेची पेटी थंड पडली. आत एकतीस गावांचे नमुने होते, तेव्हा गावागणिक एकच. नियमाप्रमाणे ते फेकून सगळ्या गावांकडून पुन्हा पाणी मागवायला हवं होतं. वरिष्ठ रजेवर होते. जिल्ह्याची बैठक दुसऱ्या दिवशी होती आणि वरून अहवाल मागत होते. रजिस्टरच्या त्या पानावर एकतीस ओळी होत्या. मी एकतीस वेळा ‘योग्य’ लिहिलं.

जूनमध्ये माझी लातूरला बदली झाली. मांजरतळच्या गॅस्ट्रोची बातमी मी पेपरात वाचली होती, एका कोपऱ्यात. टँकरच्या पाण्यानं झालं असणार असं मी स्वतःला सांगितलं. आठ वर्षं तेच सांगत आले.

दुसऱ्या दिवशी मी मांजरतळला गेले.

एसटीतून उतरले तेव्हा दुपारचा एक वाजत होता. शाळेला सुट्टी लागलेली. शाळेच्या भिंतीला लागून एक गल्ली होती आणि तिच्या तोंडाशी हापशाचा सिमेंटचा ओटा. हापसा नव्हता. कापलेले चार बोल्ट होते आणि मधलं भोक सिमेंटनं बुजवलेलं होतं.

ओटा ओला होता.

आजूबाजूची माती उन्हानं पांढरी पडली होती. ओट्यावर मात्र घागरी ठेवून उचलल्यावर उमटतात तशी गोल ओली वर्तुळं होती. सहा की सात. मी घड्याळ लावून पाच मिनिटं उभी राहिले. एकही वाळलं नाही.

समोरच्या घराच्या दारात एक बाई बसल्या होत्या, मिरच्यांचे देठ काढत. “उन्हात का हुब्या राहिल्या? आत या,” त्या म्हणाल्या.

त्यांचं नाव रुक्मिणबाई. मी माझं नाव सांगितलं नाही. पाणी तपासणीवाली आहे, एवढंच म्हणाले. त्यांनी पेला भरून पुढे केला. माझा हात थांबला.

“घ्या. जारचं हाय. गल्लीत आता सगळे जारचंच पितात.”

मी प्याले. विचारलं, “तो ओटा ओला कसा राहतो?”

त्यांनी ओट्याकडे पाहिलं नाही. “ऱ्हातो,” म्हणाल्या. मिरच्या तशाच ठेवून बोलू लागल्या. “माझी लेक तिसरीत व्हती. गीतांजली. नळाला पाणी न्हाई, नदी आटलेली. गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं पाणी तीच भरायची. दुपार झाली की कळशी घेऊन हापशावर. पाण्याला जरा वास याया लागला म्हणून आमी बंद करणार व्हतो. मंग शाळेच्या फळ्यावर कागद लागला. तिनंच वाचून दाखवला. पाणी योग्य हाय म्हणाली. मंग पेलो.”

बाहेर एक मोटारसायकल गेली.

“खाली सहीपाशी नाव व्हतं. लुंबिनी. तिनं दोनदा वाचलं. असं नाव ऐकलं नव्हतं कधी. लई छान हाय म्हणाली.”

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

“ती मीच,” मी म्हणाले. “मी पाणी तपासलंच नव्हतं, बाई. लाइट नव्हती. न तपासता लिहिलं.”

त्या ओरडल्या नाहीत. बोलल्या तेव्हा आवाज दमलेला होता.

“मला सांगून काय? तिला सांगा.”

“कोणाला?”

त्यांनी पुन्हा मिरची हातात घेतली. “ती हाय तिथं. दुपारची असतीच.”

मी उठले. का उठले ते मला आजही नीट सांगता येत नाही. विज्ञान शिकलेली, घरात देव नसलेली बाई मी. पण मी चपला काढल्या आणि ओट्यापाशी गेले.

सिमेंट गार होतं. मे महिन्याच्या दुपारी.

मी जे घडलं ते सांगितलं. ट्रान्सफॉर्मर, बैठक, पेन. मोठ्यांदा सांगितलं, कारण पुटपुटणं मला खोटं वाटलं असतं. शेवटी म्हणाले, “तू बरोबर वाचलं होतंस. लिहिणारीनं चुकीचं लिहिलं.”

तेव्हा तो आवाज थांबला.

लोखंडी दांडा वरखाली होतानाचा, खडाक खडाक असा आवाज. थांबला तेव्हा मला कळलं, की एसटीतून उतरल्यापासून मी तो ऐकत होते.

वर्तुळं कडेनं वाळू लागली.

मागे वळून पाहिलं. रुक्मिणबाई दारात उभ्या होत्या, कान देऊन. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

परत आल्यावर मी लेखी निवेदन लिहिलं. सोळा सालच्या मे महिन्यात मांजरतळचं पाणी न तपासता योग्य दाखवलं, माझ्यावर कारवाई व्हावी. मांजरतळचंच लिहिलं. बाकीच्या तीस गावांत काही झाल्याचं माझ्या कानावर आलं नव्हतं. मी शोधायलाही गेले नव्हते.

चार दिवसांनी साहेबराव सरांनी बोलावलं. ते आमचे वरिष्ठ. त्यांनी जुनं रजिस्टर कपाटातून काढून ठेवलं होतं. सुतळीची गाठ नुकतीच सोडलेली, टेबलावर आठ वर्षांची धूळ.

“मॅडम, तब्येत बरी आहे ना?” त्यांनी निवेदन माझ्यापुढे सरकवलं. “हे परत घ्या. तुम्ही तर अयोग्यच लिहिलंय.”

त्यांनी बोट ठेवलं. मांजरतळ, शाळेजवळचा हापसा. शेवटच्या रकान्यात, ‘अयोग्य’.

‘योग्य’ हा शब्द माझ्या अक्षरात होता. त्याच्या आधीचा अ मोठा आणि गोल होता, रेघेला टांगल्यासारखा.

“कागद टाइप करताना कारकुनाची चूक झाली असणार,” सर म्हणाले. “तुमचा काही दोष दिसत नाही.” त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बाहेर गेले.

मी पान जवळ ओढलं. मांजरतळची ओळ सहावी होती. अकराव्या ओळीतही तोच गोल अ लागून अयोग्य झालं होतं. चौदाव्या ओळीतही. ती गावं मला फक्त नावानं माहीत होती.

एकविसाव्या ओळीतल्या अ वर मी बोट ठेवलं, तर ते निळं झालं. शाई ओली होती.

त्याखाली अजून दहा ओळी होत्या.