हिनोकोचा रंग

तेजल भोईरच्या पत्राला केळसकरांनी उत्तर दिलं नव्हतं. आठ महिने झाले होते. उरणहून आलेल्या त्या कागदी पत्रात एकच प्रश्न होता. 'काका, हिनोको काळी होती ना? मी दुसरीत असताना पाहिली तेव्हा माझ्यासारखी काळी होती. आता मालिका लावली की गोरी दिसते. वर्गातल्या मुली म्हणतात, तेजल थापा मारते. मलाही वाटायला लागलंय, मीच मनाने तिला तसं रंगवलं असेल. तुम्ही तिचे मराठी संवाद लिहिलेत. तुम्हाला नक्की माहीत असेल.'

माहीत होतं. म्हणूनच हात चालत नव्हता.

बाहत्तर वर्षांच्या दिगंबर केळसकरांना जादूकन्यांच्या जपानी अ‍ॅनिमे मालिका मनापासून आवडत, पण ते चारचौघांत तसं बोलत नसत. शाळकरी मुलगी गिरकी घेते, झगमगत्या पोशाखात उभी राहते आणि जग वाचवते. यात तुम्हाला या वयात काय मिळतं, असं कुणी विचारलं असतं तर ते गडबडलेच असते. खरं तर उत्तर सोपं होतं. जाड भिंगांची युको, पाय ओढत चालणारी मित्सु आणि सगळ्यांत लाडकी हिनोको. त्यांनी वाचलेल्या पुस्तकांत अशा मुली नायिकेच्या मैत्रिणी असत. इथे जादूची छडी त्यांच्याच हातात होती.

नव्या पर्वाच्या कामासाठी ते स्टुडिओत गेले तेव्हा तिथल्या प्रमुख शर्वाणीला त्यांनी धीर करून विचारलं, "मॅडम, हिनोकोला गोरी कुणी केली?"

"कुणी केली नाही, सर. झाली." ती हसली. "आपली 'चित्रजुळणी' ही यंत्रणा आधी फक्त ओठ हलवायची, मराठी शब्दांप्रमाणे. मग चेहरा जुळवायला लागली. आता संवाद वाचून अख्खा माणूस नव्याने काढते. जुने भागसुद्धा. हे बघा, सुरुवात तुमच्याच वाक्यापासून आहे."

पडद्यावर पहिल्या भागाची संहिता आली. मूळ जपानी वाक्य होतं, 'मी काळी आहे, मी उजेड आणणार.' केळसकरांनी लिहिलं होतं, 'मी सावळी असले तरी उजेड आणीन.'

"'असले तरी' म्हटलं की यंत्राला ती उणीव वाटते," शर्वाणी म्हणाली. "मग ते भरून काढतं. दर आवृत्तीत थोडं थोडं."

कुणाला लागू नये म्हणून त्यांनी तो शब्द मऊ केला होता. स्थळाच्या जाहिरातीत करतात तसा. स्वतःचीच त्यांना शिसारी आली.

"'काळी' घालून बघा ना," ते पुटपुटले.

शर्वाणीने 'मी काळी आहे' असं टाइप केलं. हिनोकोचा रंग झरझर गडद झाला. केळसकर पुढे झुकले. तेवढ्यात तिचे डोळे बारीक झाले, ओठ वाकडा झाला, पाठीला पोक आलं. छडी हातातून गेली आणि ती मागे, चेटकिणींच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"हे काय?"

"यंत्र मराठीवरच वाढलंय, सर. कथा, नाटकं, जाहिराती, सगळं वाचून. काळी म्हटल्यावर आपण पुढे काय लिहितो ते त्याला पाठ आहे."

केळसकरांनी जन्मभर छातीशी धरलेली पुस्तकं त्या वाकड्या ओठातून बोलत होती. आणि त्यांना ती कधी ऐकूच आली नव्हती.

"'सावळी'च राहू द्या," शर्वाणी म्हणाली. "कुणाची तक्रार नाही."

"एक आहे," केळसकर म्हणाले. आवाज चिरकला, पण ते म्हणाले.

घरी न जाता ते कोपऱ्यावरच्या पोस्टात गेले. गोंद सांडलेल्या टेबलापाशी उभ्यानेच त्यांनी लिहिलं, 'चि. तेजल, तुझी आठवण खरी आहे. मुलींना हे पत्र दाखव. हिनोको काळी होती. काळी पण देखणी.' ते थांबले. 'पण' खोडला. कागद फाटेपर्यंत खोडला. खाली लिहिलं, 'बिघडवायला सुरुवात मी केली. 'काळी' या शब्दापुढे यंत्राला आम्ही चांगलं काही वाचायलाच दिलं नाही, आणि मला ते जमेल असं वाटत नाही. माझा हात कुठे वळतो ते वरच्या खाडाखोडीत बघतेस ना? नव्या पर्वातलं हिनोकोचं पहिलं वाक्य मी कोरं ठेवलंय. 'मी काळी आहे' याच्यापुढे तू काय लिहिशील?'

अक्षर वाईट आलं होतं. पुन्हा लिहावं असं त्यांना वाटलं. पण तसंच पाकीट चिकटवून त्यांनी ते पेटीत टाकलं.