रात्रीचे दाणे

माझी आत्या खोटं बोलत नाही. बावीस वर्षं मेडिकल स्टोअरच्या काउंटरमागे काढलेली बाई आहे. सख्खा भाऊ दारात आला तरी चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी द्यायची नाही. तो भाऊ म्हणजे माझे वडील, त्यामुळे हे घरच्या अनुभवावरून सांगतोय.

म्हणून तिने हे सांगितलं तेव्हा मी हसलो नाही. तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा. मी घडलं तसं लिहितोय.

मागच्या हिवाळ्यातला शनिवार होता.

आत्याचं घर वसाहतीच्या शेवटच्या रांगेत आहे. मागे छोटं अंगण, मग कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे नुसतं रान. आतोबा पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनवर कायमचे रात्रपाळीला. त्यामुळे रात्री घरात दोघीच असायच्या. आत्या आणि तिच्या सासूबाई.

सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळल्या होत्या. पक्षाघाताने हात-पाय गेले, वाचा गेली, गिळणंही गेलं. नाकातल्या नळीतून पातळ, गाळलेलं जेवढं जाईल तेवढंच अन्न. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून खाली हवेची गादी होती आणि तिचा पंप रात्रंदिवस घुं घुं करत असायचा.

राहिले होते फक्त डोळे.

त्या डोळ्यांसाठी आत्याने अंगणात पाखरांचा फीडर टांगला. उंच लोखंडी खांब, त्याला साखळी, साखळीला पारदर्शक डबा. त्यात बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया. उजाडलं की चिमण्या यायच्या, कचाकचा भांडायच्या आणि खिडकीतून सासूबाईंची नजर त्यांच्यामागे फिरायची.

या दोघींचं एके काळी विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. पण आता आत्या रोज सकाळी आधी ती नजर फिरतेय ना ते बघायची आणि मगच चहा ठेवायची. नजर थांबली की सासूबाई गेल्या, असं तिने मनाशी धरलं होतं.

मग फीडर रात्री रिकामा व्हायला लागला.

संध्याकाळी काठोकाठ भरलेला. सकाळी बघावं तर... एक दाणा नाही.

आत्याने सकाळी पुन्हा भरून पाहिला. चिमण्या भिंतीपर्यंत यायच्या, खांबाकडे बघायच्या आणि उडून जायच्या. रात्री तिथे काय येतं ते त्यांना आपल्या आधी कळलं असावं. आठवड्याभरात त्या यायच्याच बंद झाल्या. सासूबाईंची नजर छताला लागली ती लागलीच.

शेजारच्या माळीकाकांना असल्या चोरांचा तीस वर्षांचा अनुभव. घूस असेल, खांबाला ग्रीस लाव, म्हणाले.

ग्रीस लावलं. सकाळी त्यावर ओरखडाही नव्हता... डबा रिकामा.

दाण्यात तिखट मिसळ, म्हणाले. पाखरांना तिखट लागत नाही, पण बाकीची जनावरं तोंड लावणार नाहीत. तिखट मिसळलं. डबा रिकामा.

खाली पीठ पसर, पाऊल उमटेल, म्हणाले. आत्याने पीठ पसरलं. सकाळी पीठ जसंच्या तसं. पाऊल नाही... पडलेला दाणा नाही... एक टरफलसुद्धा नाही.

मग वटवाघूळ असेल, असं पुटपुटत माळीकाका आपल्या कामाला लागले. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही.

त्या दिवसांत एकच गोष्ट बरी घडत होती. सासूबाईंचे गाल भरत होते. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी आत्याचं तोंड भरून कौतुक केलं. नळीवरचा पेशंट असा बाळसं धरताना मी पाहिला नाही, म्हणाले. आत्या दिवसभर खूश होती. आज ते आठवलं की तिला घाम फुटतो.

शनिवारी तिने आयुष्यात न केलेलं काम केलं. दुकानातून चिठ्ठीशिवाय झोपेच्या चार गोळ्या आणल्या. खलात कुटल्या, चमचाभर तेलात कालवल्या आणि बियांना चोळल्या. कोणाला मारायचं नव्हतं. जनावर गुंगीत पडलं की वनखात्याच्या माणसांना बोलवायचं आणि उजाडायच्या आत उरलेले दाणे काढून घ्यायचे, एवढाच बेत. औषधावर तिचा भारी विश्वास.

रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवून ती मागच्या दाराला खुर्ची टेकवून बसली. दाराची वरची कडी लावलेली. पुढच्या दाराला कुलूप, चावी तिच्या मुठीत.

अकरा वाजले. बारा वाजले. काही नाही.

सव्वा एकला रानाकडची कुत्री भुंकायची थांबली... सगळी एकदम.

आणि आतल्या खोलीतला पंपाचा आवाज बदलला...

घुं घुं हलकी झाली.

हा हलका आवाज आत्याच्या ओळखीचा होता. चादर बदलताना सासूबाईंना उचललं, गादीवरचा भार गेला, की पंप असाच वाजायचा. वीज कमी-जास्त होत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. उठून बघायला हवं होतं. पण तेवढ्यात बाहेर साखळी कुरकुरली.

आत्याने खिडकीच्या काचेला नाक लावलं. अंगणातला दिवा चालू होता. वारा अजिबात नव्हता. फीडर झुलत होता.

जवळ कोणी नव्हतं.

कट्... कट्... बी फोडल्याचा आवाज येत होता. आणि डब्यातले दाणे खाली खाली जात होते. घाई नव्हती. कोणी सवडीने जेवायला बसावं तसं चाललं होतं.

मग आवाज थांबला. डबा अजून अर्धा होता. असं आधी कधीच झालं नव्हतं.

थोड्या वेळाने पंप पुन्हा पहिल्यासारखा जड वाजू लागला...

आत्या चारपर्यंत जागची हलली नाही. मग टॉर्च घेऊन अंगणात गेली. खांबाखाली गुंगीत पडलेलं काहीही नव्हतं. उरलेले दाणे पिशवीत भरून ती आत आली आणि सासूबाईंच्या खोलीचा दिवा लावला.

त्या घोरत होत्या. हाका मारल्या, गाल थोपटले, गार पाणी लावलं. जाग नाही.

खालच्या ओठाला सूर्यफुलाचं एक टरफल चिकटलं होतं... तेलकट.

आत्याने त्यांचे तळवे बघितले. दोन वर्षं जमिनीला न लागलेले, स्वच्छ, मऊ तळवे. मागच्या दाराला तर ती स्वतःच खेटून बसली होती.

दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा त्यात झोपेचं औषध निघालं. डॉक्टरांनी विचारलं, तशा सगळ्यांच्या नजरा आत्याकडे वळल्या. तिने खरं ते सांगितलं. मी गोळ्या पाखरांच्या दाण्यात घातल्या होत्या. कोणालाच त्याचा अर्थ लागला नाही. थकव्याच्या भरात नळीत चुकीचं औषध गेलं असेल, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली. आतोबा रागावले नाहीत. पण तेव्हापासून आईच्या औषधाला ते बायकोचा हात लागू देत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी डोळे उघडले. खोलीत आत्या एकटीच होती. त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं. दोन वर्षांत ज्या तोंडातून अक्षर निघालं नव्हतं ते हललं...

"कडू होतं गं आज," त्या म्हणाल्या.

आत्याच्या हातातला पेला पडला.

"रोजच्यासारखं देत जा. भूक लागते."

त्यानंतर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. आजही तशाच पडून आहेत. गाल भरलेले आहेत. चिमण्या परत आल्या नाहीत. आत्या मात्र रोज संध्याकाळी फीडर काठोकाठ भरते आणि भरण्याआधी एक बी स्वतः चावून बघते.

मागच्या महिन्यात मी तिला विचारलं, की इतक्या महिन्यांत एकदाही रात्री उठून त्या खोलीत डोकावावंसं वाटलं नाही का. पलंगावर त्या आहेत की नाहीत, तेवढं तरी.

तिने बियांच्या डब्याचं झाकण लावलं.

"मी बघितलं आणि त्या परत उपाशी राहिल्या तर?"

त्या रात्री तिच्याकडे मुक्काम करायचं ठरलं होतं. मी शेवटच्या बसने घरी आलो.