हात लावण्याआधी नाव

मोहिनीला तिथे पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल? इंजेक्शन नाही, सलाईन नाही. नाव सांगायला शिकवलं.

गंगापूर धरणाकडे जाताना द्राक्षबागा सुरू होतात, तिथे आत वळून एक सेवाघर आहे. ज्यांचं अंथरूण आता सुटायचं नाही, अशा म्हाताऱ्या तिथे ठेवतात. ठेवतात हाच शब्द बरोबर आहे, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. मोहिनी सुरगाण्याकडची, नर्सिंग नुकतंच पास झालेली. पायातले पांढरे बूट अजून करकर वाजत होते.

"हात लावायच्या आधी नाव सांगायचं, सिस्टरबाई," पिंकीमावशी म्हणाली. ही तिथली जुनी आया. जिभेने फटकळ, हाताने मऊ. "यातल्या अर्ध्या आंधळ्या, अर्ध्या झोपेत. मुकाट्याने हात लावलास तर चोर आला म्हणून ओरडतील. 'मी अमकी, कूस बदलते' म्हणायचं, मगच हात लावायचा. आणि ते बूट बदल आधी. घोडं आल्यासारखं वाटतं."

कोपऱ्यातली खाट कुसाबाईंची. नांदगावकडची थोराड बाई. लकव्याने हातपाय गेले होते, वाचा गेली होती, राहिले होते फक्त डोळे. इनचार्ज सिस्टरांनी त्यांच्या डाव्या खुब्यावरचा लाल डाग बोटाने दाबून दाखवला.

"बघ, पांढरा पडत नाही. आतून मांस मरायला लागलंय. हिला डाव्या कुशीवर अजिबात घालायचं नाही. कातडी फुटली तर ही वाचायची नाही. आणि तुझ्या ड्यूटीत फुटली तर तूही इथे राहायची नाहीस."

मोहिनीने मान हलवली. डावी कूस नाही. एवढीशी गोष्ट.

त्याच संध्याकाळी तिने नाव सांगून कुसाबाईंना उजव्या कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली आणि सगळ्यांसाठी पेज आणायला गेली. परत आली तर कुसाबाई डाव्या कुशीवर. उशी उचलून दुसऱ्या बाजूला लावलेली, चादरीला एक सुरकुती नाही.

"मावशी, कुसाबाईंना तुम्ही वळवलंत?"

"मी? मी काय भांग प्यायलेय? डावी बाजू मना आहे हे इथल्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा तेच. इनचार्ज सिस्टरांनी डाग पाहिला. तो वाढला होता, कडा जांभळट झाल्या होत्या.

"अंग गेलेली बाई आपोआप वळते का गं?" त्या एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर मोहिनीला बरं वाटलं असतं.

शहाणी माणसं म्हणतील, नवीन पोरगी, थकली असेल, विसरली असेल. म्हणू देत. थकलेलं माणूस चहात मीठ घालेल. पण चादर ताणून, उशी नीट खोचून आपणच विसरून जाईल, हे मला नका सांगू.

शेजारच्या खाटेवर भागीबाई होती. पेठकडची, काटकुळी म्हातारी. दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण कान असे की पाल सरकली तरी कळायचं.

"पोरी, तू नको रडू," ती हळूच म्हणाली. "ती येती ना... दिवं लागायच्या येळंला."

"कोण, आजी?"

"काय ठावं. नाव नाय सांगत ती. हात लय गार. मलाबी एकदा चाचपून गेली. मी गप पडून राहिले."

"मग विचारायचं ना, कोण आहेस म्हणून!"

"नाय गं बाय..." भागीबाईने अंधारात बघावं तशी मान फिरवली. "जे आपणहून नाव सांगत नाय त्याला इचारू नाय. आन आपलंबी त्याच्या पुढ्यात घेऊ नाय. आमच्या डोंगरात लेकराला शिकवत्यात हे. तुझ्या आयनं नाय शिकवलं?"

शिकवलं होतं. पण डोंगर मागे राहिला आणि आता आपण सिस्टर झालो, असं मोहिनीला वाटत होतं.

तिसऱ्या संध्याकाळी तिने पेज आणायला पिंकीमावशीला पाठवलं आणि स्वतः कुसाबाईंच्या उशाशी बसली. बाहेर उजेड विरत चालला होता. बागेत फवारलेल्या गंधकाचा वास खिडकीतून आत येत होता. कुठल्या तरी खाटेवर कोणी तरी घशात घरघरत होतं. मग ती घरघरही थांबली.

गादीची पलीकडची कड दबली. कोणी गुडघा टेकवावा तशी... सावकाश.

कुसाबाईंचा खांदा वर उचलला गेला. त्यांचे डोळे मोहिनीकडे नव्हते. गादी दबली होती तिथे, वर कुठे तरी लागले होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

मोहिनीने दोन्ही हातांनी तो खांदा धरला. पलीकडून ओढ लागली. झटका नाही, दांडगाई नाही. सराईत हातांची, कामाची ओढ.

"सोड..." मोहिनी पुटपुटली. मग तिला राग आला. आपली म्हातारी आहे ही! "मी मोहिनी," ती ठासून म्हणाली. "ऐकलंस? मी मोहिनी. हिची कूस मी बदलते. तू कोण आहेस? नाव सांग, नाही तर हात काढ!"

ओढ थांबली. गादी हळूहळू वर आली. जणू कोणी ऐकून घेतलं, समजून घेतलं आणि बाजूला झालं.

शेजारच्या खाटेवर भागीबाईने कपाळावर हात मारला, एवढाच आवाज आला.

त्यानंतर कुसाबाई जिथे ठेवाव्या तिथे राहू लागल्या. डाग आधी फिका झाला, मग दाबल्यावर पांढरा पडू लागला. इनचार्ज सिस्टरांनी तो पाहिला आणि पहिल्यांदा हसल्या. "टिकशील तू इथे," म्हणाल्या. पिंकीमावशीने कॅन्टीनमधून गरम भजी मागवली. दोघींनी अंगणातल्या बाकावर बसून, पार उजेड जाईपर्यंत गप्पा मारत ती खाल्ली.

मग हात धुऊन मोहिनी वॉर्डात आली. दिवे लावले. भागीबाईच्या खाटेपाशी थांबली.

"आजी, मी मोहिनी. कूस बदलते."

"पुन्यांदा?" भागीबाई कुरकुरली. ती डाव्या कुशीवर होती. पाठीला उशी नीट खोचलेली, चादरीला एक सुरकुती नाही. "आत्ताच तर बदललीस ना बाय. नाव सांगूनच बदललीस. मी मोहिनी, म्हनलीस."

मोहिनीने चादर बाजूला केली. म्हातारीच्या डाव्या खुब्यावर लाल डाग होता. तिने बोटाने दाबला. पांढरा पडेना.

भागीबाईने तिचं ते बोट चाचपत पकडलं आणि आपल्या गालाला लावलं.

"आगं, आता ऊन कसं झालं हात? मघाशी तर बरफ होतं."