तलफ घेणारे काका

ही गोष्ट खरी आहे.

ठेवायचा तर विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. माझ्या सख्ख्या मामेभावाच्या बाबतीत हे घडलंय आणि त्याच्याच तोंडून मी ते ऐकलंय. सांगताना त्याचा आवाज एकदाही कापला नाही. मला भीती वाटली ती त्याचीच.

वेळ भर दुपारची. जागा नोएडा, एका काचेच्या ऑफिस बिल्डिंगचा मागचा जिना. जानेवारी होता. धुकं असं की दिल्लीत कित्येक दिवस कोणी सूर्य पाहिला नव्हता.

विक्रांत, हा माझा मामेभाऊ, मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी इकडे आला, इथेच रमला. बायको अश्लेषा, मुलगी रिंकू. स्वभाव गडबड्या. जेवायला बसला की बोटं चाटून जेवणार, सिनेमा बघताना सगळ्यांच्या आधी रडणार. आणि सिगरेट... ती कॉलेजपासून.

दिवाळीनंतर हवा बिघडली आणि रिंकूला दम्याचा पहिला झटका आला. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "घर में कोई पीता है?"

अश्लेषाने विक्रांतकडे पाहिलं.

त्याने खिशातलं सिगरेटचं पाकीट तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्यानंतर हात लावला नाही.

पण सोडणं सोपं नसतं. तोंडात बडीशेप झाली, लवंग झाली, ते निकोटीनचं च्युइंगम झालं. डॉक्टर म्हणाले होते, तलफ आली की पाणी प्या, थोडं चाला, ती आपोआप ओसरते. ओसरायची, पण जीव काढून. डोकं भणभणायचं. घरी तो बारीकसारीक गोष्टींवरून खेकसायचा.

सगळ्यात वाईट वेळ दुपारच्या जेवणानंतरची. टीममधला इंद्रजित खांद्यावर हात टाकायचा, "चल ना यार, नीचे." खाली चहाची टपरी, तिथेच सगळे ओढायला उभे. ते टाळायला विक्रांत मागच्या जिन्यात जाऊ लागला. आग लागली तर वापरायचा तो जिना. एरवी तिथे कोणी फिरकत नसे.

एका दुपारी तो तिथे भिंतीला डोकं टेकून उभा होता.

खालच्या वळणावरून आवाज आला...

"तलफ आली वाटतं?"

मराठीत.

एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसले होते. मफलर, करडा स्वेटर, गालफडं बसलेली. कोणाचे तरी वडील असतील, बिल्डिंगमध्ये कामाला आले असतील, असं विक्रांतला वाटलं. परक्या गावात मराठी ऐकून बरंही वाटलं.

"हो काका. सोडलीय ना."

"मी पद्माकर. फार त्रास होतो, नाही? द्या इकडे."

"काय देऊ?"

"तलफ. मला द्या."

विक्रांतला हसू आलं. म्हातारपणी माणूस थोडा भ्रमिष्ट होतो, मन कशाला मोडा. तो म्हणाला, "घ्या."

पद्माकरकाकांनी डोळे मिटले. ओठांचा चंबू केला. आणि एक लांब झुरका ओढला...

हवेचाच. हातात काहीच नव्हतं.

विक्रांतची तलफ गेली.

ओसरली नाही. गेली. दुखरा दात उपटल्यावर जीभ रिकाम्या जागी जाते ना, तसं त्याला वाटलं.

जागेवर परत येऊन काम करताना एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. जिन्यात एवढी थंडी होती की बोलताना त्याच्या स्वतःच्या तोंडातून वाफ निघत होती.

काकांच्या तोंडातून निघत नव्हती.

तरी दुसऱ्या दिवशी तो गेला. मग रोजच जाऊ लागला. काका असायचेच. "द्या इकडे," म्हणायचे. हा "घ्या" म्हणायचा. तो लांब झुरका जिन्यात घुमायचा. बस्स.

घरात खेकसणं थांबलं. अश्लेषाने माहेरी फोन करून सांगितलं, सुटली एकदाची.

मग एकेक गोष्ट कमी व्हायला लागली.

आधी चहा. पीत होता, पण पिऊन काही वाटेना. मग भूक. ताटात वाढलं की खायचा, नाही वाढलं तर विचारायचा नाही. अश्लेषाने मुद्दाम त्याच्या आवडीच्या सुरळीच्या वड्या केल्या. त्याने कागद चावावा तशा संपवल्या.

"बऱ्या झाल्या नाहीत का?" तिने विचारलं.

"झाल्यात की."

पुण्याहून फोन आला, आई बाथरूममध्ये पडली, हाड मोडलंय. तो म्हणाला, "अच्छा." फोन ठेवला आणि लॅपटॉपमध्ये अर्धवट राहिलेली ओळ पूर्ण केली. त्याला आठवतंय ते. ओळ कुठली होती, तेही आठवतंय.

अश्लेषाला वाटलं, सिगरेट सोडल्यावर माणूस कधी कधी उदास होतो. डॉक्टरांकडे जाऊ या म्हणाली. तो हो म्हणाला. गेला नाही. जावंसं वाटलं नाही, न जावंसंही वाटलं नाही.

आणि एका सकाळी रिंकूला पुन्हा झटका आला.

शाळेची तयारी चालू होती. रिंकू पलंगाच्या कडेला वाकून बसली. छातीतून शिट्टीसारखा आवाज... ओठ निळसर. अश्लेषा औषध शोधत ओरडली, "विक्रांत, वाफेचं मशीन लाव! तो मास्क दे!"

मास्क त्याच्या पुढ्यातच होता.

तो शर्टाची बटणं लावत होता.

धावायला हवं, हे त्याला कळत होतं. त्याने मला अगदी याच शब्दांत सांगितलं. "कळत होतं रे. पण पाय हलवायला जे लागतं ना, ते सापडेना. मी बटणं पूर्ण केली."

अश्लेषाने त्याच्या पुढ्यातून मास्क हिसकावला. समोरच्या ममताभाभी धावत आल्या. त्यांच्याच गाडीतून रिंकूला हॉस्पिटलमध्ये नेलं. पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर...

हॉस्पिटलच्या बाकावर अश्लेषा त्याला हळू आवाजात म्हणाली, "विक्रांत, ती तुझी मुलगी आहे."

त्याला ते माहीत होतं. आपल्या गाडीचा नंबर माहीत असतो, तसं.

दुपारी तो ऑफिसच्या जिन्यात गेला. आज तलफ नव्हती. द्यायला काही उरलंच नव्हतं बहुधा.

काका पायरीवर बसले होते. पण आता गाल भरलेले. चेहऱ्यावर तकाकी. आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती... पांढरी, दाट.

ते रडत होते.

"आलात?" मफलरने डोळे पुसत त्यांनी विचारलं. "रिंकू कशी आहे आता? श्वास लागतोय का अजून? सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही हो."

विक्रांतने त्यांना रिंकूचं नाव कधीच सांगितलं नव्हतं.

"काका, माझं परत द्या," तो म्हणाला.

"काय परत देऊ?"

"जे घेतलंत ते."

पद्माकरकाकांनी त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. एखाद्या बापाने पाहावं तसं.

"ओढलेला झुरका परत देता येतो का, बाळा? आणि मी मागितलं होतं, तुम्ही दिलंत."

ते उठले. कठड्याला धरून सावकाश पायऱ्या उतरू लागले. चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला. खालचं दार उघडल्याचा आवाज मात्र आला नाही...

विक्रांत उतरून गेला. दाराला कुलूप होतं. मागून आलेला गार्ड म्हणाला, "साब, ये तो बंद ही रहता है. आप रोज़ यहाँ अकेले क्या करते हैं?"

त्या संध्याकाळी त्याने टपरीवरून सिगरेट घेतली. वाटलं, निदान तलफ तरी परत येईल, तिच्या मागून बाकीचं येईल. एक ओढली, दोन ओढल्या. धूर आत गेला, बाहेर आला. ना बरं वाटलं, ना खोकला आला. उरलेलं पाकीट तिथल्याच पोऱ्यासमोर ठेवून तो निघाला.

पुढे त्याने ती नोकरी सोडली. आता ते फरीदाबादला राहतात. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, अश्लेषाच्या आईने दृष्टही काढली. फरक नाही.

मी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. या हिवाळ्यात एका रविवारी त्यांच्याकडे गेलो होतो. तेव्हाच त्याने मला हे सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचा मोबाईल वाजला. तो उठला, आतल्या खोलीत गेला, रिंकूला जवळ घेतलं. दारातून मला दिसत होतं. तिच्या पाठीवर हात ठेवून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"रिमाइंडर लावलाय त्याने," अश्लेषा म्हणाली. "मी सांगितलं नव्हतं. स्वतःच लावला."

मग तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"भाऊजी, शाळेच्या गेटवर कोणीतरी म्हातारे येतात. रिंकू सांगते. तिच्याशी मराठीत बोलतात. तिचा दम्याचा पंप दप्तरात आहे की नाही, रोज विचारतात. काल तिने मला विचारलं, मम्मी, काळीज म्हणजे क्या होता है? ते आजोबा म्हणतात, तू माझं काळीज आहेस."

मी बाहेर येऊन विक्रांतला विचारलं, "तुला माहीत आहे हे?"

"हो."

"आणि तुला भीती नाही वाटत?"

तो बराच वेळ विचार करत राहिला. अगदी प्रामाणिकपणे. खिसे चाचपून बघावेत तसा.

"वाटायला हवी," तो म्हणाला. "पण तीही त्यांच्याकडेच असणार."

आतून रिंकूने हाक मारली. आम्ही दोघांनीही मान वळवली.

मी उठलो. तो बसून राहिला.