रिकाम्या लिफ्टचा अहवाल

मंगळवारी सकाळी ठीक साडेदहा वाजता, एका सातमजली इमारतीच्या तळमजल्यावर, दुरुस्त झालेल्या लिफ्टची तपासणी निरीक्षकांनी सुरू केली. पाचव्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण राहत असे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने ती खाली उतरली नव्हती.

"तुझी सही कधी होणार?" निघतानाच तिचा फोन आला होता. "खिडकीतून जग बघून मान अवघडली माझी."

"अक्का, लिफ्ट सुरक्षित ठरली की लगेच."

अहवाल टॅबवरच्या ब्राउझरमध्ये भरायचा होता. दोराची जाडी, ब्रेक, दरवाजे. 'चाचणीवेळी आत असलेल्या व्यक्ती' या रकान्यात त्यांनी शून्य लिहिले आणि कॅमेरा उघडून रिकाम्या लिफ्टचे छायाचित्र घेतले. परत येऊन पाहतात तो पान कोरे. फक्त त्या एका रकान्यात १ होता.

सगळे पुन्हा भरले. पुन्हा छायाचित्र, पुन्हा कोरे पान. रकान्यात ३.

"साहेब, हा टॅब आहे की माझे सासरे?" लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक म्हणाला. "जरा पाठ फिरली की सगळं विसरतो."

निरीक्षकांना कारण ठाऊक होते. टॅबची मेमरी तोकडी. कॅमेरा पुढे आला की मागचे पान तो टाकून देतो आणि परतल्यावर नव्याने मागवतो. लॅपटॉपला जागा ऐसपैस, म्हणून तो पान धरून ठेवतो. युक्तिवाद बिनतोड होता. मात्र त्याने पान कोरे का होते एवढेच सिद्ध होत होते. आकडा कुठून येतो, हे नव्हे.

तिसऱ्या खेपेला ५.

लिफ्टमध्ये नव्या वंगणाचा वास होता. आत डोकावताना, का कोण जाणे, ते किंचित बाजूला सरकले. बाहेर येणाऱ्याला वाट द्यावी तसे.

मग त्यांनी लॅपटॉप काढला. शून्य लिहिले. ते शून्यच राहिले. त्यांनी सही केली.

पाचव्या मजल्यावर मात्र ते जिन्याने गेले. व्यायाम म्हणून, असे त्यांनी मेकॅनिकला सांगितले.

अक्का काठी टेकत दाराबाहेर आली. नवी चप्पल घातली होती. मेकॅनिकने खालून रिकामी लिफ्ट वर पाठवली.

दरवाजे सरकले. आत दिवा होता, आरसा होता. कुणीही नव्हते.

अक्काने उचललेले पाऊल मागे घेतले.

"भरलीय रे," ती म्हणाली. "पुढच्या फेरीला जाऊ."